वाय-फाय ‘वीक सिक्युरिटी’ दाखवतंय, जुना प्रिंटर जोडला जात नाही, वेग ५४ वर अडकलाय: क्रमाने काय तपासायचं

लक्षणं

खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी एकाच घरात दिसल्या की मी आधी राउटरचं सुरक्षेचं पान उघडते.

- आयफोनवर नेटवर्कच्या नावाखाली ‘वीक सिक्युरिटी’ असं येतं. विंडोजचा लॅपटॉप ‘हे नेटवर्क जुनी सुरक्षा पद्धत वापरतं’ अशा अर्थाची सूचना देतो.
- प्लॅन १०० किंवा २०० एमबीपीएसचा आहे, वायर लावली की पूर्ण वेग मिळतो, पण वाय-फायवर २०-२५ च्या वर जात नाही. लॅपटॉपमध्ये ‘लिंक स्पीड’ बरोबर ५४ दिसतो.
- नवा राउटर बसवल्यापासून जुना प्रिंटर, कॅमेरा, टीव्ही किंवा स्मार्ट बल्ब जोडला जात नाही. पासवर्ड बरोबर असूनही ‘चुकीचा’ म्हणतो.
- काही फोन जोडले जातात, दोन मिनिटांनी सुटतात, पुन्हा जोडले जातात.
- राउटरच्या यादीत ओळखीची नसलेली उपकरणं दिसतात, किंवा महिन्याचा डेटा विसाव्या तारखेलाच संपतो.
- सगळं नीट केलं होतं, पण वीज गेल्यावर किंवा कंपनीच्या माणसाने ‘रीसेट’ केल्यावर पुन्हा पहिल्यासारखं झालं.

दोन गोष्टी आधीच वेगळ्या काढा. एकाच खोलीत वेग कमी असेल तर तो भिंतींचा आणि अंतराचा प्रश्न आहे. वायरवरही वेग कमी असेल तर दोष लाइनचा आहे. या दोन्हीसाठी पुढचं काही करण्यात अर्थ नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या आणि सोसायटीतल्या घरांत हा एकच दोष मी कितीतरी वेळा काढला आहे. दर वेळी मूळ तेच निघतं: घरात एक जुनं यंत्र असतं, ते चालावं म्हणून कुणीतरी राउटरची सुरक्षा खाली आणलेली असते, आणि मग त्या एका यंत्रासाठी सगळं घर खालच्या पायरीवर राहतं. डोंबिवलीला मावशीकडे २०१० च्या आसपासचा प्रिंटर होता. वर्षातून दोनदा, शाळेच्या फॉर्मपुरता लागणारा. तो चालावा म्हणून इंटरनेट बसवणाऱ्या माणसाने ‘टीकेआयपी’ ही जुनी, कच्ची सुरक्षा पद्धत निवडून दिली होती. चार वर्षं त्या घराने १०० च्या प्लॅनचे पैसे भरले आणि वीस-बावीसचा वेग वापरला.

पहिली तपासणी: आत्ता कोणती पद्धत चालू आहे

खर्च शून्य, वेळ एक मिनिट. इथूनच सुरुवात करा, कारण काय चालू आहे ते माहीत नसताना बदललेलं सेटिंग पुढे गोंधळच वाढवतं.

अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये वाय-फाय उघडून आपल्या नेटवर्कसमोरच्या चाकाच्या चिन्हावर बोट ठेवा. बहुतेक फोनमध्ये तिथे ‘सिक्युरिटी’ अशी ओळ असते. विंडोजमध्ये नेटवर्कच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये खाली ‘सिक्युरिटी टाइप’ आणि ‘लिंक स्पीड’ दोन्ही मिळतात. मॅकवर ऑप्शन कळ दाबून धरा आणि वरच्या पट्टीतल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करा.

लिंक स्पीडचा आकडा नीट वाचा. ५४ असेल तर संशय पक्का धरा. वाय-फायच्या ‘एन’ आणि त्यापुढच्या जलद पद्धतींना एईएस, म्हणजे मजकूर झाकायचं नवं, पक्कं सूत्र लागतं. टीकेआयपी किंवा त्याहून जुनं वेप चालू असेल तर उपकरणाला जुन्या ‘जी’ पद्धतीच्या वेगावर उतरावं लागतं, आणि त्या पद्धतीची कमाल ५४ आहे. हातात त्यातले जेमतेम वीस-पंचवीस येतात. ७२ किंवा १४४ दिसत असेल तर टीकेआयपीचा दोष नाही. तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा साधा वेग आहे, ५ च्या पट्ट्यावर जाऊन बघा.

समोर जे नाव आलं त्याचा अर्थ

यादीत चार-पाच नावं असतात आणि सगळी सारखीच वाटतात. त्यांच्यात किती अंतर आहे हे एकदा कळलं की कोणतं निवडायचं हा प्रश्न उरत नाही, म्हणून इथे थोडं थांबते.

वेप ही १९९७ सालची, वाय-फायच्या पहिल्या मानकाबरोबर आलेली पद्धत. तिची चावी बरोबर ५ किंवा १३ अक्षरांची असते, त्यावरून जुनं वेप लगेच ओळखता येतं. तिचा दोष चावीच्या लांबीत नाही. वाय-फायवर माहिती लहान तुकड्यांत, म्हणजे ‘पाकिटां’त जाते. प्रत्येक पाकिटाबरोबर चावीला एक बदलता आकडा जोडला जातो, तो फक्त २४ बिटांचा आहे. म्हणजे एकूण सुमारे १ कोटी ६७ लाख आकडे. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण सतत चालणाऱ्या नेटवर्कवर ते काही तासांत संपून पुन्हा तेच येऊ लागतात. एकाच आकड्याने झाकलेली दोन पाकिटं हाती आली की झाकण उघडायला वाट मिळते. शिवाय त्यातल्या आरसी-४ या मजकूर झाकायच्या सूत्राचाच कच्चेपणा २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शामिर यांनी दाखवून दिला. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट विद्यापीठातल्या संशोधकांनी १३ अक्षरांची चावी एका मिनिटाच्या आत काढली. त्यामुळे वेप असणं आणि पासवर्डच नसणं यात मी फरक करत नाही.

वेप मोडल्यावर जगभर लाखो राउटर आधीच विकले गेले होते. ते फेकायला न लावता, नुसत्या सॉफ्टवेअरने सुधारता यावेत म्हणून २००३ मध्ये डब्ल्यूपीए आली. तिच्यातलं टीकेआयपी हे जुन्याच आरसी-४ वर चढवलेलं ठिगळ होतं. प्रत्येक पाकिटाला वेगळी चावी, मजकुरात फेरफार झाला का ते ओळखायची सोय, एवढं त्यात वाढलं. तात्पुरती सोय म्हणून ती चांगलीच होती. पण २००८ मध्ये तिच्यातही फट सापडली. आज ती निवडायला एकही कारण नाही.

डब्ल्यूपीए-२ आली २००४ मध्ये, आणि मार्च २००६ पासून वाय-फायचं प्रमाणपत्र हवं असलेल्या प्रत्येक नव्या उपकरणात ती सक्तीची झाली. तिचं बळ एईएसमध्ये आहे. एईएस मोडून वाय-फाय फुटल्याचं एकही उदाहरण नाही. फटी सापडल्या त्या जोडणी जुळवण्याच्या रीतीत. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या माथी व्हानहूफ यांनी ‘क्रॅक’ नावाचा हल्ला जाहीर केला. जोडणीच्या वेळी वापरलेली चावी फोनला पुन्हा बसवायला भाग पाडता येतं, असा तो दोष. अँड्रॉइड ६ वर तर चावीच्या जागी सगळी शून्यंच बसत. त्याची दुरुस्ती फोन आणि लॅपटॉपच्या अपडेटमधून आली, म्हणून ज्या फोनला २०१७ नंतर एकही अपडेट मिळालेलं नाही तो अजून उघडाच आहे.

डब्ल्यूपीए-२ ची खरी अडचण पासवर्डशी बांधलेली आहे. फोन राउटरला जोडला जाताना दोघांत चार निरोपांची देवाणघेवाण होते. ती हवेतून जाते, जिन्यात उभ्या असलेल्या माणसालाही टिपता येते. एकदा टिपली की तो ती घरी नेऊन आपल्या संगणकावर हवे तितके पासवर्ड लावून बघू शकतो. तुमच्या राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही.

आपल्याकडे निम्म्या घरांत पासवर्ड काय असतो? घरातल्या कर्त्या माणसाचा मोबाइल नंबर. मी त्याचा हिशेब अनेकांना कागदावर करून दाखवला आहे. दहा आकडी नंबर, पहिला आकडा ६ ते ९ मधला, म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. आजचं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख पासवर्ड तपासतं. ४,००० सेकंद झाले, म्हणजे सव्वा तासाच्या आत सगळे नंबर तपासून संपतात. आणि शेजाऱ्याकडे तो नंबर मोबाइलमध्ये सेव्हच असतो.

डब्ल्यूपीए-३ जून २०१८ मध्ये आली आणि तिने नेमकी हीच वाट बंद केली. तिच्यात एसएई नावाची हातमिळवणी आहे. टिपलेल्या निरोपांवरून घरी बसून पासवर्ड ताडून बघता येत नाही. प्रत्येक अंदाजासाठी पुन्हा राउटरशीच बोलावं लागतं, आणि तिथे वेग फारच मंद असतो. दुसरा फायदा, उद्या पासवर्ड कुणाला कळला तरी आधी टिपून ठेवलेली जुनी वाहतूक त्यावरून उलगडत नाही. डब्ल्यूपीए-२ मध्ये ती उलगडू शकते. जिथे दहा जण एकच पासवर्ड वापरतात, त्या पुण्यातल्या कॉट बेसिसच्या खोल्यांत किंवा हॉस्टेलमध्ये हा फरक फार मोठा आहे. तिसरं, उपकरणांना खोटा निरोप पाठवून नेटवर्कवरून हुसकावून लावायची युक्ती डब्ल्यूपीए-३ मध्ये चालत नाही, कारण ते निरोपही तिच्यात सुरक्षित केलेले असतात. २०१९ मध्ये याच व्हानहूफ यांनी एयाल रोनेन यांच्यासोबत एसएईतले काही दोष दाखवले आणि त्यांच्या दुरुस्त्याही आल्या. म्हणजे डब्ल्यूपीए-३ लाही अपडेट लागतंच.

तर निवड सरळ आहे. सगळी उपकरणं २०२० नंतरची असतील तर फक्त डब्ल्यूपीए-३. नवी-जुनी सरमिसळ असेल तर डब्ल्यूपीए-२ आणि ३ चं मिश्रण. ते जमत नसेल तर डब्ल्यूपीए-२, पुढे फक्त एईएस. जिथे ‘टीकेआयपी’ हा शब्द दिसेल तो पर्याय सोडून द्या, मग त्याच्यासोबत एईएस लिहिलेलं असलं तरी. टीकेआयपी आणि एईएसच्या मिश्रणात सगळ्या उपकरणांसाठी एकत्र जाणारे निरोप टीकेआयपीनेच झाकले जातात. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

दुसरी: नेटवर्क विसरायला लावून पुन्हा जोडा

पद्धत बरोबर दिसत असूनही एखादंच उपकरण रुसलं असेल तर आधी हे करा. त्या उपकरणावर नेटवर्क ‘फर्गेट’ करा, राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा, पासवर्ड नव्याने टाका. लॅपटॉप पासवर्डबरोबर त्या वेळची सुरक्षा पद्धतही जपून ठेवतो. राउटर बदलला, नाव आणि पासवर्ड तेच ठेवले, पण पद्धत २ ची ३ झाली, तर जपलेली नोंद जुळत नाही आणि तो ‘जोडता येत नाही’ एवढंच सांगतो. निम्म्या तक्रारी माझ्याकडे इथेच संपतात.

तिसरी: पासवर्ड

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असावा लागतो. जुने प्रिंटर आणि स्वस्त कॅमेरे मोकळी जागा, ॲट किंवा ॲम्परसँडसारखी चिन्हं नीट वाचत नाहीत आणि पासवर्ड चुकीचा म्हणतात. म्हणून चिन्हांच्या मागे न लागता लांबी वाढवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहा, उंबरा, गवंडी, सतरा, मांजर असे. (हेच चार वापरू नका.) शब्द असे घ्या की ज्यांच्या स्पेलिंगवरून घरात वाद होणार नाही. ‘ए’ एक की दोन यावरून आजोबांचा फोन आठवडाभर नेटविना राहिलेला मी पाहिला आहे.

मिश्र पद्धत ठेवली असेल तर पासवर्ड आणखी महत्त्वाचा. तुमच्याच नेटवर्कच्या नावाने कुणी फक्त डब्ल्यूपीए-२ चं खोटं नेटवर्क उभं केलं तर फोन खालच्या पद्धतीने बोलायला तयार होतो, आणि वर सांगितलेली ताडून बघायची वाट पुन्हा उघडते.

चौथी: राउटरचं पान

आता पंधरा-वीस मिनिटं लागतील. शक्य असेल तर लॅपटॉप वायरने राउटरला जोडा, कारण सेटिंग बदलताक्षणी वाय-फायवरची सगळी उपकरणं सुटतात आणि अर्धवट कामात तुम्हीच बाहेर पडता. राउटर उलटा करा, खालच्या चिठ्ठीवर पत्ता असतो. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. ब्राउझरमध्ये तो इंग्रजी आकड्यांत टाका. आत जायचं नाव आणि पासवर्ड त्याच चिठ्ठीवर मिळतात. दोन्ही ठिकाणी ‘ॲडमिन’ असेल तर आत गेल्यावर पहिलं काम म्हणून हा पासवर्ड बदला. वाय-फायचा पासवर्ड आणि या पानाचा पासवर्ड वेगळे असतात, हे अनेकांना माहीत नसतं.

‘वायरलेस’ किंवा ‘डब्ल्यूलॅन’ नावाच्या भागात ‘सिक्युरिटी’ शोधा आणि वर ठरवलेली पद्धत निवडा. इथली एक चूक मला सगळ्यात जास्त वेळा सापडते. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ यांची पानं वेगळी असतात. माणूस एकावर बदल करतो, दुसरं जुनंच राहतं. मग फोन दिवाणखान्यात ठीक असतो आणि स्वयंपाकघरात गेला की पुन्हा ‘वीक सिक्युरिटी’, कारण तिथे तो २.४ वर उतरलेला असतो. पाहुण्यांसाठीचं ‘गेस्ट’ नेटवर्क असेल तर त्याचं तिसरं पानही बघा. कुणीतरी कधीतरी ते विनापासवर्ड चालू करून ठेवलेलं असतं.

त्याच भागात ‘मोड’ म्हणून ‘बी/जी’ एवढंच निवडलेलं असेल तर पद्धत बरोबर असूनही वेग ५४ वरच राहील. ‘एन’ असलेला पर्याय घ्या. शेवटी ‘सेव्ह’ आणि ‘अप्लाय’ दोन्ही बटणं असतील तर दोन्ही दाबा. वीज गेल्यावर सेटिंग परत जातं, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ‘सेव्ह’ राहून गेलेलं असतं.

पाचवी: डब्ल्यूपीएस बंद करा

पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा आठ आकडी पिनने उपकरण जोडायची ही सोय. पिनवाला भाग धोक्याचा आहे. आठ आकडे म्हणजे १० कोटी शक्यता असाव्यात. पण राउटर पिनचे दोन तुकडे करून तपासतो, पहिले चार बरोबर आहेत की नाही ते आधीच सांगून टाकतो, आणि शेवटचा आकडा नुसता ताळ्याचा असतो. म्हणून उरतात १०,००० आणि १,००० मिळून फक्त ११,००० प्रयत्न. हे २०११ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालं. तुम्ही डब्ल्यूपीए-२ वर तीस अक्षरी पासवर्ड ठेवलात आणि पिन चालू राहिली, तर तो पासवर्ड पिनच्या वाटेने बाहेर येतो. नंतरच्या राउटरांत चुकीच्या प्रयत्नांनंतर कुलूप लागतं, पण तुमचा त्यातला आहे का हे शोधण्यापेक्षा बंद करणं सोपं आहे.

सहावी: अपडेट

राउटरच्या पानावर ‘फर्मवेअर’, म्हणजे राउटरचं आतलं सॉफ्टवेअर शोधा, नवं असेल तर घ्या. घेताना वीज जाणार नाही अशी वेळ निवडा किंवा राउटर इन्व्हर्टरवर ठेवा. अर्धवट अपडेटने राउटर कायमचा बंद पडू शकतो. फोनची अपडेटही याच वेळी बघा.

सातवी: जुनं यंत्र

आता मूळ दुखण्याकडे. वरचं सगळं केल्यावर नवी उपकरणं नीट चालतात आणि एक-दोन जुनी बाहेर राहतात. इथे बहुतेक लोक राउटर पुन्हा खाली आणतात. तसं करू नका. यंत्र का बाहेर राहिलं ते बघा.

एक, ते फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि तुम्ही त्याला ५ वर जोडताय. स्मार्ट बल्ब, प्लग आणि स्वस्त कॅमेरे जवळजवळ सगळे असेच असतात. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या आणि यंत्र २.४ च्या नावावर जोडा.

दोन, त्याला डब्ल्यूपीए-२ येतं पण मिश्र पद्धतीने ते गोंधळतं. यामागे बहुधा ‘पीएमएफ’ असतं, नेटवर्कवरून हुसकावणाऱ्या खोट्या निरोपांपासून वाचवणारी सोय. राउटरमध्ये ती ‘रिक्वायर्ड’ असेल तर ‘ऑप्शनल’ किंवा ‘केपेबल’ करून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर गेस्ट नेटवर्क चालू करा, त्याला फक्त डब्ल्यूपीए-२ एईएस द्या, वेगळा पासवर्ड द्या आणि बल्ब, प्लग, कॅमेरे तिकडे हलवा. मुख्य नेटवर्क वरच्या पद्धतीवर राहतं आणि बल्बांचं जग वेगळं होतं. मला ही मांडणी इतकी पटली आहे की जुनं यंत्र नसलं तरी मी कॅमेरे गेस्टवरच ठेवते. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फट निघाली तरी तिथून लॅपटॉपपर्यंत पोचता येत नाही.

प्रिंटरला मात्र ही मांडणी जमत नाही. गेस्ट नेटवर्क मुख्य नेटवर्कपासून तोडलेलं असतं, त्यामुळे मुख्य नेटवर्कवरच्या फोनला गेस्टवरचा प्रिंटर दिसतच नाही. प्रिंटरमागे लॅनचं भोक असेल तर वायरने राउटरला जोडा, नसेल तर यूएसबीने संगणकाला. वायरला वाय-फायची कुठलीच पद्धत लागत नाही. मावशीचा प्रिंटर असाच अजून चालू आहे, दोनशे रुपयांच्या वायरीवर.

तीन, त्याला वेप किंवा टीकेआयपीशिवाय काहीच येत नाही आणि वायरचीही सोय नाही. अशा यंत्राला वाय-फायवरून निवृत्त करा. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण घरातली वस्तू चालू असताना बाजूला ठेवणं आपल्याला जड जातं. पण तिच्यासाठी सगळ्या घराचं दार उघडं ठेवणं हा फार मोठा भाव आहे.

आठवी: अनोळखी उपकरणं

राउटरच्या यादीत अनोळखी नाव दिसलं की लगेच शेजाऱ्यावर संशय घेऊ नका. अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपला खरा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) न देता बनावट पत्ता देतात. त्यामुळे घरातलाच फोन परक्यासारखा दिसतो. घरातली सगळी उपकरणं एकेक करून बंद करा आणि यादीत काय उरतं ते बघा. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, घड्याळ विसरू नका. काही उरलंच तर पासवर्ड बदला. उपाय तेवढा एकच आहे.

मॅक पत्त्यांची यादी करून बाकीच्यांना अडवणं आणि नेटवर्कचं नाव लपवणं, हे दोन उपाय लोक मोठ्या विश्वासाने सांगतात. दोन्हींत वेळ घालवू नका. मॅक पत्ता प्रत्येक पाकिटावर उघडा लिहिलेला असतो, तो वाचून कुणीही स्वतःला लावून घेऊ शकतो. आणि लपवलेलं नाव तुमचा फोनच ‘अमुक नेटवर्क आहे का’ असं जिथे जाल तिथे विचारत फिरतो.

‘माझ्याकडे चोरण्यासारखं काय आहे?’ असं अनेक जण विचारतात. बँकेचं ॲप आपला मजकूर स्वतःच झाकून पाठवतं, तेवढ्यापुरतं ते खरं आहे. पण २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या बाँबस्फोटांच्या काही मिनिटं आधी माध्यमांना जो ईमेल गेला, त्याचा माग नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घराच्या असुरक्षित वाय-फायपर्यंत लागला होता. त्या घरात राहणाऱ्या माणसाला चौकशीला तोंड द्यावं लागलं. तुमच्या जोडणीवरून जे जातं ते बाहेरच्या जगाला तुमच्या नावावर दिसतं.

नववी: फॅक्टरी रीसेट, अगदी शेवटी

राउटरच्या पानाचा पासवर्डच कुणाला माहीत नसेल तर हा मार्ग उरतो. मागच्या बारीक छिद्रात सिमची पिन दहा-पंधरा सेकंद दाबून धरायची. पण आधी थांबा. फायबरचा डबा कंपनीने दिलेला असेल तर त्यात जोडणीचं खातं, त्याचा पासवर्ड आणि व्हीलॅनचा आकडा भरलेला असू शकतो. रीसेटने तोही पुसला जातो, आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत नेट बंद. साताऱ्याला मामाच्या दुकानात मी हे केलं आणि दुकान ऐन दिवाळीत तीन दिवस नेटविना राहिलं. तेव्हापासून खात्याची माहिती कागदावर लिहून घेतल्याशिवाय मी ते छिद्र दाबत नाही. डबा कंपनीचा आणि माहिती हातात नाही, तर हात लावू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

डब्यावरचा ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागला असेल तर दोष फायबरच्या तारेत आहे. तार काढून डोळ्यासमोर धरू नका, आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो. कंपनीला फोन करा.

सुरक्षेचं पान कंपनीने बंद ठेवलं असेल, किंवा तुम्ही केलेला बदल एक-दोन दिवसांत आपोआप परत जात असेल, तर कंपनी दुरून डब्याला आपली सेटिंग पाठवते आहे. तिथे घरून झगडून उपयोग नाही. फोनवर नेमकं हे वाक्य बोला: ‘दोन्ही बँडवर डब्ल्यूपीए-२ एईएस किंवा डब्ल्यूपीए-३ करून द्या, टीकेआयपी आणि डब्ल्यूपीएस बंद करा, आणि तक्रार क्रमांक द्या.’ नुसतं ‘नेट स्लो आहे’ म्हटलंत तर ते रीसेट करतील आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर याल.

राउटरमध्ये एईएसचा पर्यायच नसेल किंवा कित्येक वर्षांत अपडेट आलं नसेल, तर दुरुस्तीवर पैसे घालवू नका, नवा घ्या. घेताना खोक्यावर ‘डब्ल्यूपीए-३’ लिहिलंय का ते बघा. १ जुलै २०२० पासून वाय-फायचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या प्रत्येक नव्या उपकरणाला ते बंधनकारक आहे.

तुम्ही न बदलता राउटरच्या पानाचा पासवर्ड बदललेला आहे, डीएनएसच्या (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या) रकान्यात अनोळखी आकडे आहेत, किंवा बँकेचा पत्ता टाकल्यावर भलतंच पान उघडतंय, तर राउटर बंद करा. त्या जोडणीवरून एकही व्यवहार करू नका आणि जाणकाराकडून राउटर तपासून घ्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर फोन करा.

दवाखाना, क्लास किंवा वीस-तीस माणसांचं ऑफिस असेल तर या लेखातला एक-पासवर्डाचा मार्ग पुरत नाही. तिथे प्रत्येकाला वेगळं नाव-पासवर्ड देणारी ‘एंटरप्राइझ’ पद्धत लागते, आणि ती मांडायला नेटवर्कचा माणूस बोलवावा.

माणूस येऊन काम करून निघाला की दार लावायच्या आधी पहिली तपासणी पुन्हा करा. त्याच्यासमोर फोनवर २.४ आणि ५ दोन्ही नेटवर्कची ‘सिक्युरिटी’ची ओळ वाचा, लॅपटॉपचा लिंक स्पीड बघा, आणि त्याने टाकलेला नवा पासवर्ड तो जिना उतरल्यावर स्वतः बदला.